राखणदाराची वाट

कोलवाळचा पूल ओलांडून पेडण्याकडे जावे, अथवा अस्नोड्यावरून डिचोलीचा रस्ता धरावा. म्हापशाहून निघणाऱ्या कोणत्याही वाटेवर एक गोष्ट सारखीच आढळते. वस्तीत कचरा असतो तो विखुरलेला. त्याचे ढीग साचतात ते दोन गावांच्या शिवेवर. जेथे घरे संपतात, शेते किंवा काजूची झाडे लागतात, रस्त्यास वळण असते आणि पाहणारा कोणी नसतो, अशी जागा हेरून गाठी मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या टाकलेल्या असतात. अलीकडच्या गावात विचारावे, तर "हो कोयर आमचो न्हय" हे उत्तर; पलीकडच्या गावातही तेच. पंचायतीची हद्द नेमकी कोठे संपते हा वादाचा मुद्दा होतो, आणि पिशवीचा धनी तर कोणीच नसतो. चोराला जशी अंधाराची, तशी घाण टाकणाऱ्याला हद्दीची पारख पक्की असते.

आता शीव म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ग्रामदेवता गावात नांदते, पण राखणदार शिवेवर असतो. हातात दंड घेऊन तो रात्री गावाची सीमा फिरतो, वाट चुकलेल्यास मार्गाला लावतो, अशी आपली पिढीजात श्रद्धा आहे. त्याच्या नावाने रोट ठेवले जातात. वेताळास वहाणा वाहिल्या जातात, आणि त्या झिजलेल्या दिसल्या म्हणजे देव फिरून गेला, असे वडीलधारी माणसे सांगतात. म्हापशाचा राखणदार श्री देव बोडगेश्वरही शहराच्या कडेला, शेतांच्या सान्निध्यातच उभा आहे. देवाच्या पायांना खडे बोचू नयेत म्हणून वहाणा वाहावयाच्या, आणि त्याच देवाच्या वाटेवर फुटक्या बाटल्या ओतावयाच्या, ही कोणती भक्ती? ज्याची राखणदारावर श्रद्धाच नाही, त्याने हे केले तर त्यास असभ्य म्हणून सोडून देता येईल. श्रद्धावंताने केले तर त्यास काय म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हे सारे पर्यटक व परप्रांतीय करतात, असे म्हणण्याची हल्ली प्रथा पडली आहे. त्यात मुळीच तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. किनाऱ्याकडच्या रस्त्यांवर त्याचा पुरावा पाहावयास मिळतो. परंतु पुलावर गाडी थांबवून, काच खाली करून, निर्माल्याची पिशवी नदीत भिरकावणारा कोण असतो? तो तर भिरकावल्यावर हात जोडून नमस्कार करतो! जास्वंद आणि दूर्वा यांची चार दिवसांत माती होईल. पिशवी त्याच्या नातवंडांच्या हयातीतही तशीच राहील. महाप्रसाद पूर्वी केळीच्या पानावर होई, आणि उष्टे पान गुरे खात. १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे यांस आणि थर्मोकोलच्या आराशीस देशभर बंदी आहे. तरीही जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोणत्याही देवळाकडे जाणारा रस्ता पाहावा. तेथे जेवून गेलेली मंडळी परप्रांतातून आलेली नव्हती.

कायदा नाही म्हणावे, तर तेही खरे नाही. गोव्यात अविघटनशील कचऱ्यावर नियंत्रण ठेवणारा अधिनियम १९९६ सालचा आहे. नैसर्गिक परिसराचे रक्षण हे १९७६ पासून घटनेनेच नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. पैसे नाहीत ही सबब नगरपालिकेस सांगता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने रतलामच्या खटल्यात १९८० साली बजावले. तेथील रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध साध्या दंडाधिकाऱ्याकडे अर्ज केला होता. ज्या कलमाखाली केला, त्याच्या जागी आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ आहे. आमच्या व्यवसायबंधूंनी कुळांच्या आणि वाटण्यांच्या दाव्यांतून थोडी उसंत काढून ते उघडून पाहावे. कचरा नेण्यास जागा नाही, ही तक्रारही बार्देसात उरलेली नाही. साळगावच्या पठारावरील प्रकल्प २०१६ साली सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता रोज १०० टनांची होती; पुढे ती २५० टनांवर नेण्यात आली. ओल्या कचऱ्यापासून तेथे वायू होतो, वीज होते. यंत्र तयार आहे. शिवेवरची पिशवी यंत्रापर्यंत जात नाही, इतकेच.

पालिकेने व पंचायतींनी आपले काम केलेच पाहिजे, आणि दोन पंचायतींनी एकत्र बसून शिवेवरचा ढीग कोणी कोणत्या वारी उचलावयाचा हे लिहून काढले पाहिजे. पण आमचा मुख्य रोख महाजनांवर आहे. एखाद्या विशिष्ट देवस्थानास उद्देशून आम्ही हे लिहीत नाही, सर्वांसच लिहितो. गोव्यातील देवस्थान म्हणजे काही मोकाट जमाव नव्हे. १९३३ सालच्या महाजनी कायद्याने बांधलेली ती संस्था आहे. तिला नियमावली आहे, समिती आहे, हिशेब आहे. गर्भागारात कोणी कोठपर्यंत जावे, पालखीस खांदा कोणी द्यावा, पहिला मान कोणाचा, यावर आपण पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात झगडलो. जत्रेचा कचरा कोणाचा, यावर मात्र एकही मानकरी पुढे येत नाही. वास्तविक परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसे जमविणाऱ्याने तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेस कळवावे आणि कचरा वेगळा करून स्वाधीन करावा, असा दंडक २०१६ च्या केंद्रीय नियमांनीच घातला होता.

जत्रेच्या फेरीतील दुकानांच्या जागा महाजन पावणीने देतात, तेथेच सारी किल्ली आहे. पावणीच्या अटींत एक अट घालावी: प्रत्येक दुकानदाराने अनामत ठेवावी, आणि फेरी उठल्यावर आपल्या जागेपुढचा रस्ता, दोन्ही कडेच्या गटारांसह, साफ करून दाखविल्याखेरीज ती परत मिळू नये. प्लास्टिकच्या पिशवीत माल देणाऱ्यास पुढच्या वर्षी जागा देऊ नये. निर्माल्यासाठी देवळाच्या आवारातच खड्डा असावा. त्याचे खत कुळागरास उपयोगी पडेल.

यावर महाजन म्हणतील, अशा अटी घातल्या तर बोली खाली येईल. येऊ दे. पालखीचे चांदीचे दांडे एक वर्ष उशिरा करावेत.