रंगाचे नव्हे, गाभ्याचे पैसे द्या



लग्नसराई जवळ आली की बारामती-इंदापूरच्या फर्निचरच्या दुकानांत आपल्या माणसांची ये-जा वाढते. कुणी भिशी उचललेली असते, कुणी कामावरून उचल घेतलेली असते. लेकीला निदान एक पलंग तरी चांगला द्यावा, एवढीच इच्छा. दुकानदार पलंगावर थाप मारून म्हणतो, "शिसवी आहे, तीन पिढ्या टिकेल." आणि आपण भुलतो. आम्हीही भुललो होतो, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

धाकट्या बहिणीच्या मंगलपरिणयासाठी आम्ही भिशीच्या पैशांतून काळाभोर दिवाण घेतला. पहिला पावसाळा सरला आणि त्याच्या पायांखाली मैद्यासारखा भुसा पडू लागला. रोज झाडावा, रोज पडावा. ओळखीच्या सुतारकाकांना बोलावले. त्यांनी दिवाण उलटा केला आणि खालून पटाशीने जरासे खरवडले. वरचा काळा रंग निघाला, आत पांढरे लाकूड! "ताई, तुम्ही लाकडाचे नाही, रंगाचे पैसे मोजलेत," काका म्हणाले. बिलावर नुसते 'दिवाण, १ नग' एवढेच होते. भांडायला तोंडच राहिले नाही.

मग खरा शिसव असतो तरी कसा? हे झाड सह्याद्रीच्या पावसाळी जंगलातले, कोकण-कर्नाटक-केरळकडचे. आपल्या कोरड्या भागातले ते नव्हे. याच्या खोडात दोन भाग असतात. सालीलगतचा भाग पांढरट-पिवळसर, आणि आतला गाभा तपकिरी ते जांभळट-काळा, त्यात गडद रेघा. ताजे कापले की गुलाबासारखा मंद वास येतो, म्हणून इंग्रजीत त्याला रोजवूड म्हणतात. किंमत आहे ती या गाभ्याला. त्याला वाळवी सहसा लागत नाही. पांढऱ्या भागात मात्र पिष्ट असते, ते किड्यांचे खाद्य. म्हणजे लाकूड शिसवाचे असले तरी पांढरा भाग रंगवून दिला, तर भुसा पडणारच.

शिसव जड असतो. वाळलेल्या एका घनफुटाचे वजन साधारण २४ किलो भरते, सागाचे १८-१९ किलो. तो इतका कठीण की रंध्याची धार लवकर बोथट होते. म्हणून सुताराची मजुरीही जास्त पडते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत यावर दाट कोरीवकाम केलेल्या खुर्च्या-कपाटे बनत. म्हैसूरचे शिसवावरचे जडावकाम आजही नावाजलेले आहे. सतारी-गिटारीसारख्या वाद्यांनाही हे लाकूड लागते. पण तोड फार झाली. त्यामुळे २०१७ सालापासून शिसवाच्या सगळ्या जातकुळीच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आले. इतके मोलाचे लाकूड स्वस्तात कसे मिळेल, हा प्रश्न आपण दुकानातच विचारायला हवा होता.

दुसरा घोटाळा नावाचा. शिसव आणि शिसम ही भावंडे, पण झाडे वेगळी. शिसम उत्तरेकडचा. सहारनपूरचे कोरीव फर्निचर बहुधा त्याचेच असते. शिसमही चांगले, टिकाऊ लाकूड आहे. ते घ्यायला हरकत नाही, पण शिसमाचे पैसे देऊन शिसमच घ्यावा, शिसवाचे पैसे देऊन नव्हे.

घेताना एवढे करा :

१) वस्तू उलटी करून पाहा. खालच्या बाजूला, मागच्या फळीला रंग का दिला, ते विचारा.

२) न दिसणाऱ्या जागी ब्लेडने जरा खरवडू द्या म्हणावे. खरे लाकूड आतही तेच निघते.

३) फळीच्या कडेकडे बघा. वरच्या रेघा कडेवरून खाली उतरलेल्या दिसल्या तर लाकूड अखंड. कडेला थर दिसले तर आत प्लायवूड आणि वर पातळ पापुद्रा आहे.

४) उचलून पाहा. हलके लागले तर शिसव नव्हे.

५) लाकूड वाळलेले आहे ना, ते विचारा. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा आणि कडक. ओले लाकूड इथे आकसते, तडकते, सांधे ढिले होतात.

६) बिलावर लाकडाचे नाव लिहून घ्या. ही सर्वांत मोठी गोष्ट.

बिल हाती असेल आणि फसवणूक झाली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील केलाच पाहिजे असेही नाही. आधी १९१५ या क्रमांकावर फोन करून सल्ला घ्यावा.

आणि शिसवच हवा, असा हट्ट तरी कशाला? नीरेच्या कालव्याकाठची, ओढ्याकाठची बाभूळ आपल्या डोळ्यांसमोरची. बैलगाडीची चाके आणि नांगर तिनेच पेलले. जुनी माणसे तोडलेली बाभूळ काही महिने पाण्यात बुडवून ठेवीत, मग सावलीत वाळवीत. पाण्यात ते पिष्ट निघून जाते आणि किड्याला खायला उरत नाही. तिचा गाभा तांबूस, कठीण. चांगल्या सुताराकडून घासून तेल दिले की देखणाही दिसतो. कडुलिंबही कपाटाला चांगला, त्याला कीड कमी लागते.

आमच्या दिवाणाचे पुढे काय झाले? सुतारकाकांनी त्याचे चारही पाय काढून टाकले आणि जुन्या बैलगाडीच्या बाभळीचे नवे बसवले. वरचा भाग किडला तेवढा बदलला. पाय तांबूस आणि वरचे काळे, दिसायला जरा विजोड आहे. पण बहीण म्हणते, आता झाडू मारताना खाली भुसा सापडत नाही.