त्रिनिदादचे नकाशे आणि अनाम चेहरे

इ. स. १७९७ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश सेनापती सर राल्फ अ‍ॅबरक्रॉम्बी याने स्पेनचा गव्हर्नर चाकोन याच्याकडून त्रिनिदाद बेट हस्तगत केले, आणि त्याच वर्षी त्याच्या हुकुमावरून कॅप्टन मॅलेट या मोजणी अधिकाऱ्याने बेटाचा नकाशा व त्याचे वर्णन सिद्ध केले. मुलूख ताब्यात येताच त्याची मोजणी करावयाची, ही जेत्यांची जुनीच रीत. त्या वेळी बेटाची वस्ती सुमारे १७,७०० होती आणि तीपैकी दहा हजार माणसे गुलाम होती, हे ध्यानात घेतले म्हणजे असा नकाशा कोणाच्या नजरेने काढलेला असतो, याविषयी संदेह राहत नाही. किनारा, नद्या, बंदरे यांची नोंद त्यात कसोशीने होते. परंतु ज्यांच्या श्रमावर ती भूमी पिकत होती, त्यांच्या वास्तव्याची नोंद अशा नकाशात क्वचितच आढळते.

गुलामगिरी १८३८ साली पूर्णतः संपली आणि मळेवाल्यांना मजुरांची चणचण भासू लागली. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज सव्वादोनशेच्या आसपास हिंदी मजूर घेऊन त्रिनिदादला पोहोचले. तेव्हापासून १९१७ पर्यंत सुमारे १,४४,००० माणसे, बहुतांशी आजच्या उत्तर प्रदेश व बिहारमधली, प्रायः पाच वर्षांच्या करारावर त्या बेटावर उतरली. ही प्रथा बंद व्हावी म्हणून गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात ठराव मांडला होता. सरकारी बहुमताने तो फेटाळला, तरी सुमारे पाच वर्षांनी ही मजूरभरती बंद पडली. त्रिनिदादच्या नकाशावर ब्रेचिन कॅसल, वॉटर्लू, वुडफर्ड लॉज अशी मळ्यांची नावे आढळतात आणि त्यांच्या जोडीला कलकत्ता सेटलमेंट, फैजाबाद, बराकपूर, गोवळकोंडा ही नावेही आढळतात. नकाशाने मजुरांना दिलेली दाद ती एवढीच: गावाला नाव मिळाले, माणसाला मिळाले नाही.

छायाचित्रांची कथा अधिक करुण आहे. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात बेटाची राजधानी पोर्ट ऑफ स्पेन येथे फेलिक्स मोरँ या फ्रेंच छायाचित्रकाराने हिंदी स्त्रियांची पुष्कळ छायाचित्रे घेतली. दंडात वाक्या, नाकात नथ, गळ्यात चांदीच्या माळा अशा या स्त्रिया स्टुडिओत बसविलेल्या किंवा उभ्या केलेल्या आढळतात. मजुरीतून शिल्लक राहिलेली नाणी आटवून ते दागिने घडविलेले असत. म्हणजे त्या छायाचित्रात त्या बाईची सारी पुंजी, वर्षानुवर्षांच्या कोयत्याची कमाई, अंगावर उघडी मांडलेली असते. आणि खाली मजकूर केवळ ‘कुली स्त्री’ एवढाच. ही चित्रे पुढे पोस्टकार्डांवर छापली गेली आणि हौशी प्रवाशांनी ती विकत घेतली. आजही संग्रहालये व पुस्तके तोच मजकूर जसाच्या तसा छापतात, हे मला अक्षम्य वाटते.

कारण नावे मुळातच नव्हती असे नाही. कलकत्त्याहून जहाज सुटण्यापूर्वी प्रत्येक मजुराला एमिग्रेशन पास मिळे. त्यावर नाव, बापाचे नाव, वय, जात, जिल्हा, ठाणे, गाव, उंची, अंगावरची खूण, इतका तपशील असे. जहाजांच्या नोंदवह्या त्रिनिदादच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. फिजी, गियाना व सुरिनामच्या नोंदींसह २०११ साली युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृतीच्या यादीत स्थान दिले. तथापि त्या नोंदवहीत चेहरा नाही आणि छायाचित्रात नाव नाही. मॉरिशसमध्ये, जेथे मुंबई बंदरातून मराठी मजूरही गेले, तेथील सरकारने पुढे नोंदणीसाठी मजुरांची छायाचित्रे घेतली आणि ती आज महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारात नावानिशी सुरक्षित आहेत. म्हणून तेथल्या वारसाला आपल्या पूर्वजाचे मुखदर्शन घडू शकते. त्रिनिदादच्या वारसाला हे भाग्य क्वचित लाभते.

नकाशावरच्या मालकीच्या रेषा किती निष्ठुर असतात, याचे उदाहरण वॉटर्लू गावीच घडले. शिवदास साधू नावाच्या एका मजुराने १९४७ मध्ये तेथे साखर कंपनीच्या जमिनीवर लहानसे मंदिर बांधले. जमीन कंपनीच्या नावे असल्यामुळे मंदिर पाडण्यात आले आणि साधूंना चौदा दिवस कैद भोगावी लागली. सुटून येताच, जी जागा कोणाच्याही मालकीची म्हणून नकाशात दाखविता येणार नाही अशी त्यांनी निवडली: समोरचा समुद्र. दगडमाती, सिमेंट वाहून नेत त्या मनुष्याने पाण्यात भर घालून मंदिर पुन्हा उभे केले, आणि ते काम अनेक वर्षे चालले. १९९५ मध्ये, हिंदी मजुरांच्या आगमनाच्या दीडशेव्या वर्षी, त्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. आता बेटाचा कोणताही नकाशा त्याच्यावाचून पुरा होत नाही.

२००३ साली त्रिनिदादच्या सरकारी साखर कंपनीने आपले उसाचे मळे बंद केले. त्या मळ्यांच्या खुणा जमिनीवरून जसजशा पुसट होत जातील, तसतसे जुने नकाशे व छायाचित्रे हीच त्यांची मुख्य साक्ष उरेल. आणि ती साक्ष अपुरी आहे, कारण ती मालकाने किंवा विक्रेत्याने लिहविलेली आहे. कलकत्त्याची दप्तरे आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या नोंदवह्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, त्यांच्या प्रती खुल्या केल्या आणि नकाशांवरच्या मळ्यांशी त्या जोडल्या, तर अनेक कुटुंबांना मूळ गाव तरी सापडेल. दप्तरे दोन देशांत विभागलेली असल्याने हे काम भारत सरकार व त्रिनिदाद सरकार यांनी मिळून करावे, आणि ज्या संग्रहालयाकडे मोरँची चित्रे आहेत त्याने ‘कुली स्त्री’ हा मजकूर काढून त्या जागी ‘नाव नोंदविले गेले नाही’ असे लिहावे.