ॲव्हरेज पडलं की मीटर चुकलं?

आपल्या हॉस्टेलमध्ये तीन विषयांवर कोणीही, कधीही आणि कितीही वेळ बोलू शकतो : क्रिकेट, मेसची भाजी आणि गाडीचं ॲव्हरेज. पहिल्या दोन विषयांवर माझं काही म्हणणं नाही. तिसऱ्यावर मात्र आहे. कारण आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असूनही या विषयावर जे बोलतो, ते टपरीवरच्या गप्पांपेक्षा फारसं वेगळं नसतं.

नमुना म्हणून एक वाक्य घ्या. "मोठे टायर टाकले आणि गाडीचं ॲव्हरेज चौदावरून साडेबारावर आलं." हे वाक्य मी पार्किंगमध्ये ऐकलंय, गावाकडे ऐकलंय, अगदी वर्कशॉपमध्येही ऐकलंय. बोलणारा खोटं बोलत नसतो. त्याने टाकी फुल केलेली असते, मीटरचा आकडा लिहून ठेवलेला असतो, भागाकारही बरोबर केलेला असतो. तरी उत्तर चुकलेलं असतं. कारण भागाकारातला वरचा आकडा, म्हणजे अंतर, हाच चुकीचा असतो.

गोष्ट साधी आहे. मीटरला रस्ता दिसत नाही. मीटर फक्त फेऱ्या मोजतं. गिअरबॉक्समधून किंवा चाकाजवळच्या सेन्सरमधून इतक्या फेऱ्या झाल्या, म्हणजे इतकं अंतर गेलं, असा हिशेब कंपनीने मूळ टायरचं माप धरून आत बसवलेला असतो. तुम्ही टायर मोठा केलात की एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते. म्हणजे तेवढ्याच अंतराला फेऱ्या कमी होतात. मीटरला वाटतं, गाडी कमी चालली आणि हळू चालली. प्रत्यक्षात ती जास्त चाललेली असते आणि जोरात चाललेली असते.

किती जास्त? यासाठी कॉम्प्युटर लागत नाही, टायरच्या बाजूवर लिहिलेलं वाचता आलं की पुरे. २०१० साली आलेल्या पहिल्या थारचा टायर घ्या : २३५/७० आर १६. यातले २३५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे १६४.५ मिमी. १६ म्हणजे रिमचा व्यास इंचात, म्हणजे ४०६.४ मिमी. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून ३२९ अधिक ४०६.४, एकूण व्यास ७३५.४ मिमी. आता त्या जागी कोणी २४५/७५ आर १६ टाकला, तर त्याच पद्धतीने व्यास येतो ७७३.९ मिमी. नव्याला जुन्याने भागा : १.०५२. हाच आपला करेक्शन फॅक्टर. मीटरवर १०० किमी दिसले की गाडी १०५.२ किमी गेलेली असते.

आता ते साडेबाराचं ॲव्हरेज पुन्हा बघू. १२.५ गुणिले १.०५२ म्हणजे १३.१५. म्हणजे दीड किलोमीटरची जी घट आपला मित्र सांगत होता, त्यातली ०.६५ कधी झालीच नव्हती. ती मीटरची होती. उरलेली ०.८५ मात्र खरी आहे आणि तिची कारणंही खरी आहेत. मोठा टायर जड असतो, खडबडीत नक्षीचा असला तर रस्त्यावर जास्त अडतो, गाडी वर उचलली गेल्याने हवेचा विरोध थोडा वाढतो, आणि गिअरिंग पाच टक्क्यांनी 'उंच' झाल्यामुळे घाटात जिथे चौथ्यावर चढायची तिथे तिसरा टाकावा लागतो. या सगळ्याच्या बदल्यात जमिनीपासूनची उंची वाढते किती? व्यासातल्या फरकाच्या निम्मी, म्हणजे जेमतेम १९ मिमी. दोन सेंटिमीटरसुद्धा नाही! ज्याला शेतातल्या वाटेवर, चिखलात गाडी घालायची आहे त्याला ती उंची आणि पकड उपयोगी पडते, हे मान्य. कॉलेजच्या गेटपासून कँटीनपर्यंत येणाऱ्याला ती कशाला हवी, हे त्याचं त्याने ठरवावं.

इथपर्यंत हा हौसेचा मामला झाला. हौसेला मोल नसतं, त्यामुळे कोणाचं फार बिघडत नाही. पण हाच हिशेब जेव्हा पोटावर येतो, तेव्हा काय होतं ते मी घरात बघितलंय, आणि खरं म्हणजे लेख लिहायचं कारण तेच आहे.

माझे मामा ट्रक चालवतात. गाडी मालकाची. मालकाचा नियम असा की, लोडवर लिटरला साडेचारचं ॲव्हरेज पडलं पाहिजे; कमी पडलं तर तेवढ्या डिझेलचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून जाणार. वाहतुकीच्या धंद्यात डिझेलचोरी होते हे काही गुपित नाही, त्यामुळे असा नियम करणाऱ्या मालकालाही मी सरसकट वाईट म्हणणार नाही. पण मध्यंतरी मालकाने ९.००-२० चे टायर काढून १०.००-२० चे टाकले. पुढच्याच महिन्यात ॲव्हरेज पडलं. मीटरप्रमाणे गाडी ६,००० किमी चालली होती आणि डिझेल लागलं होतं १,४०० लिटर. साडेचारने १,३३३ लिटर लागायला हवं होतं. म्हणजे ६७ लिटर 'गायब'. चोवीस वर्षं स्टिअरिंगवर असलेल्या माणसाला क्लीनरच्या देखत "डिझेल कुठे विकलंस?" असं विचारलं गेलं, आणि पैसे कापले गेले.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा मामांनी हे सांगितलं. सांगताना ते पैशांबद्दल कमी आणि त्या प्रश्नाबद्दल जास्त बोलत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी खडू आणि मोजपट्टी घेतली. टायरवर खालच्या बाजूला एक रेघ, तिथेच जमिनीवर एक रेघ, आणि गाडी सरळ रेषेत बरोबर दहा फेरे पुढे नेली. अंतर भरलं ३२.१ मीटर. शेजारी जुन्या मापाचे टायर असलेली तशीच गाडी उभी होती, तिचे दहा फेरे ३१.० मीटर. फॅक्टर १.०३५५. म्हणजे मीटरवरचे ६,००० किमी हे खरे ६,२१३ किमी. त्याला साडेचारने डिझेल लागतं १,३८१ लिटर. ६७ लिटरची चोरी १९ लिटरवर आली, आणि जड टायर, घाट आणि टोलनाक्यावरच्या रांगा यांत महिन्याला १९ लिटर जाणं यात कसली चोरी? खरं ॲव्हरेज ४.४४ होतं.

हा कागद घेऊन मामा मालकाकडे गेले. मालक आधी म्हणाले, "भाच्याला शिकवून आणलंय वाटतं." मग त्यांनी स्वतः एका फेरीत रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड आणि मीटर ताडून बघितलं आणि पुढच्या महिन्यापासून हिशेब रस्त्याच्या अंतरावर धरायचं कबूल केलं. कापलेले पैसे काही परत आले नाहीत. पण मामांचा शब्द खरा ठरला, आणि त्यांच्या दृष्टीने ते मोठं होतं.

मला यातून पडलेला प्रश्न वेगळा आहे. मामा दहावी नापास. मालकाचाही इंजिनिअरिंगशी संबंध नाही. पण तो टायर विकणारा, तो बसवणारा, गाडी सर्व्हिसिंगला घेणारा, यातल्या एकालाही "टायर बदललात, आता मीटर दुरुस्त करून घ्या" हे सांगावंसं का वाटलं नाही? आणि उद्या त्या जागी आपल्यातला कोणी असला, तर तो तरी सांगेल का?

आता वेगाबद्दल. इथे चूक पैशांपुरती राहत नाही. वरच्या थारच्या उदाहरणात काटा आणि खरा वेग बदलाआधी जुळत होते असं धरलं, तर काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ वर असते. चारच तर किलोमीटर, असं वाटेल. पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते हे आपण अकरावीत शिकलो. वेग ५.२ टक्के वाढला की ऊर्जा जवळजवळ ११ टक्के वाढते, आणि ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतरही त्याच प्रमाणात. ट्रकचं तर आणखी एक आहे. ऑक्टोबर २०१५ पासून नव्या मालवाहू गाड्यांना ८० चा स्पीड गव्हर्नर सक्तीचा झाला, डंपर आणि टँकरना ६० चा. तो गव्हर्नरसुद्धा फेऱ्यांवरच वेग ठरवतो. टायर मोठा केला की गव्हर्नर प्रामाणिकपणे आपलं काम करत राहतो आणि गाडी मर्यादेच्या वर धावत राहते.

यावर एक ठरलेला युक्तिवाद ऐकू येतो : "कंपनीचं मीटर तसंही वेग वाढवूनच दाखवतं. मोठा टायर टाकला की उलट बरोबर होतं." यात तथ्य आहे, ते नाकारून चालणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. ३९ प्रमाणे काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवता कामा नये. जास्त दाखवला तर चालतो, पण खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किमी, याहून जास्त नाही. म्हणून कंपन्या काटा थोडा पुढेच ठेवतात. पण त्यावर विसंबणाऱ्यांना माझे दोन प्रश्न आहेत. तुमच्या गाडीचा काटा नेमका किती पुढे होता, हे टायर बदलण्याआधी मोजलं होतं का? आणि दुसरं, ही सूट काट्याला असते. किलोमीटरचा आकडा बहुधा तसा फुगवलेला नसतो. म्हणजे मोठ्या टायरने काटा कदाचित सुधारेल, पण त्याच वेळी अंतर बिघडेल. एकाच गाडीत दोन मीटर आणि दोन वेगळ्या चुका. दोन्हीला एकच फॅक्टर डोळे झाकून लावणं म्हणजे जर्नलमध्ये मागच्या बॅचचं रीडिंग उतरवण्यासारखं आहे.

दुरुस्ती अवघड नाही. जुन्या केबलच्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या बाजूला स्पीडोमीटरचं छोटं पिनियन असतं. २० दात्यांचं असेल तर १.०५२ ने भागा, १९ येतात. १९ दात्यांचं मिळालं की काम झालं. नव्या गाड्यांत सेन्सरचे पल्स मोजले जातात. काहींमध्ये स्कॅन टूल लावून टायरचं माप बदलता येतं, नाहीतर पल्सचं प्रमाण बदलणारं छोटं सर्किट मध्ये बसवतात. आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना मिनी प्रोजेक्टला हा विषय काय वाईट आहे? आणि यातलं काहीच जमत नसेल तर निदान डॅशबोर्डवर एक चिठ्ठी चिकटवा : 'अंतर × १.०५२'. ॲव्हरेज दाखवणारा डिजिटल डिस्प्ले असेल, तर त्यालाही तीच चिठ्ठी लागू, कारण अंतर तो त्याच सेन्सरकडून घेतो.

एक मात्र स्पष्ट सांगतो. मीटर दुरुस्त केलं म्हणजे बदल कायदेशीर होतो असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे कंपनीने त्या मॉडेलला मान्य केलेल्या मापांच्या बाहेर जाऊ नये हेच बरं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. लॅबमध्ये व्हर्निअर हातात घेतला की आपण आधी झीरो एरर बघतो, कारण ओरलला सर विचारतात. त्याच आपण गेटच्या बाहेर पडलो की समोरच्या आकड्यावर विश्वास ठेवून मोकळे होतो, आणि त्या आकड्यावरून इंजिनला, पेट्रोल पंपाला किंवा एखाद्या माणसाला दोषी ठरवतो. मीटरचा आकडा हा पुरावा नाही. मीटर तपासलं असेल तरच तो पुरावा.

म्हणून एक सूचना करतो, मेकॅनिकलच्या सरांनी विचार करावा. येत्या गॅदरिंगच्या आठवड्यात एक दिवस पार्किंगमध्ये टेबल टाकू. खडू, तीस मीटरची टेप आणि जीपीएस असलेला एक मोबाईल, एवढंच सामान. स्टाफच्या गाड्या, मुलांच्या गाड्या, आणि मेसला भाजी-किराणा घेऊन येणारे टेम्पो, सगळ्यांचा फॅक्टर मोजून कार्डावर लिहून देऊ. टेम्पोवाल्यांपासून सुरुवात केली तर उत्तम, कारण त्यांच्यापैकी कोणाचा तरी महिन्याचा हिशेब मालकाकडे साडेचारनेच होत असणार. खडू मी आणतो.