४३२ चा गंडा वीणेला बांधू नका

सप्ताहाचे दिवस आले की आमच्या हिंगोली जिल्ह्यात मोबाइलवर एक मजकूर हटकून फिरतो. कलियुगाची वर्षे ४,३२,०००, म्हणून वीणा ४३२ हर्ट्झला लावा, तोच ऋषींचा सूर! यंदा एका गावात तर अ‍ॅप समोर धरून वीणेकऱ्याला खुंट्या पिळायला लावल्या. माझ्या मते हा भाबडेपणा नाही, देवाधर्माच्या नावाने चाललेली शुद्ध फसवणूक आहे.

हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने. हा सेकंद आला कुठून? तासाचे साठ भाग, त्याचे पुन्हा साठ, ही मोजणी मूळ बाबिलोनची. पंचांगातही साठच आहेत, पण दिवसाच्या ६० घटी, घटीची ६० पळे, पळाची ६० विपळे. एक विपळ म्हणजे ०.४ सेकंद. ऋषींनी कंपने मोजली असती तर ती विपळातच ना? मग तुमचे ४३२ होतात १७२.८. कुठे गेले पावित्र्य? आणि वर्षांचा आकडा तारेवर चढवताना तीन शून्ये कुणाला विचारून पुसली? बाबिलोनचा पुरोहित बेरोसस जलप्रलयापूर्वीच्या राजांना हीच ४,३२,००० वर्षे देतो. साठाचा घन दुप्पट केला की हा आकडा येतो. त्यात सुराचा संबंधच नाही.

आपल्या संगीतात षड्ज कुणी कायमचा नेमून दिलेलाच नाही. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी काळी चारमध्ये गाते. गळा असेल तसा तंबोरा लागतो.

तारेत गणित आहे, आणि ते अस्सल आहे. सतराव्या शतकात अहोबलाने 'संगीत पारिजात'मध्ये वीणेच्या तारेची लांबी विभागून स्वरांच्या जागा सांगितल्या. अर्ध्या तारेवर वरचा षड्ज, दोन तृतीयांशावर पंचम, तीन चतुर्थांशावर मध्यम. एक दोरा मेरूपासून घोडीपर्यंत ताणा, त्याच्या सारख्या तीन घड्या घाला, मेरूकडची एक घडी सोडून तिथे तार दाबा आणि उरलेली छेडा. पंचम बोलतो. सेकंद घ्या, विपळ घ्या, हे प्रमाण तसूभरही हलत नाही. हे पोरांना कुणी दाखवत नाही, याची मला खरी चीड आहे.

नर्सी ही नामदेवांची जन्मभूमी मानणारा हा जिल्हा. इथे रात्रभर म्हणणाऱ्या टाळकऱ्यांचा गळा फाटणार नाही, तोच सूर योग्य. सप्ताह समित्यांनी गायनाचार्यांना विचारावे, "बुवा, आज कुठली पट्टी?" पेटीवर ती पट्टी धरावी आणि वीणा लावावी.