वेलांटी चुकलेला गोल आणि गुटगुटीत पेंग्विन

मुलांनो, विकिपीडियाचा तो पांढुरका गोल पाहिलाय ना? जिगसॉच्या तुकड्यांचा, वरचे काही तुकडे अजून बसायचे राहिलेला? त्याच्या तुकड्यांवर जगातल्या वेगवेगळ्या लिप्यांमधली अक्षरं आहेत. आपली देवनागरीही आहे, बरं का! विकिपीडियातला 'वि' तिथे ऐटीत बसलाय.

आता गंमत ऐका. हा गोल पहिल्यांदा आला २००३ साली, आणि त्यावरचा 'वि' चक्क चुकलेला होता! ऱ्हस्व वेलांटी आपल्या जागेवर नव्हती. आमच्या पहिलीतल्या कुणी असा 'वि' काढला असता, तर मी लगेच लाल पेनाने खूण केली असती. पण हा 'वि' जगभर फिरला. २००७ साली अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्रात त्याची बातमीसुद्धा आली. तरी चूक सुधारायला २०१० साल उजाडलं.

एका वेलांटीला सात वर्षं? तुम्ही म्हणाल, बाई, खोडरबर नव्हतं का त्यांच्याकडे? अहो, वहीतली वेलांटी खोडता येते. गोलाच्या वळणावर बसवलेलं, सावली दिलेलं, पक्कं झालेलं चित्र तसं खोडता येत नाही. २०१० साली तो अख्खा गोल संगणकावर नव्याने घडवला, सगळ्या बाजूंनी फिरवून पाहता येईल असा नमुना करून. तेव्हा कुठे आपला 'वि' सरळ झाला.

आपल्या पेणच्या मुलांना हे लगेच कळेल. खांबहून नागोठणे, वडखळ करत पेणला गेलं, की गणपतीचे कारखाने लागतात. पलीकडे हमरापूर, जोहे इथेही घरोघरी तेच काम. तिथे तीन गोष्टी असतात. एक रंगवलेली, डोळ्यांची आखणी झालेली मूर्ती. दुसरी कच्ची मूर्ती, म्हणजे रंग न दिलेली; अशा कितीतरी मूर्ती इथून बाहेरगावी जातात आणि तिकडचे कारागीर त्या रंगवतात. आणि तिसरा साचा. रंगवलेल्या मूर्तीची सोंड बदला म्हटलं तर कारागीर हसेल. पण मूळ नमुना आणि साचा ज्याच्या हातात, तो पुढच्या वर्षी सोंड बदलूही शकतो.

संगणकावरच्या चित्रांचंही असंच आहे. एक चित्र असतं ठिपक्यांचं. त्याला पी.एन.जी. म्हणतात. ते मोठं केलं की कडा फाटल्यासारख्या दिसतात. गावातल्या बॅनरवर असे फाटके लोगो तुम्ही पाहिलेच असतील! दुसरं असतं एस.व्ही.जी. त्यात ठिपके साठवलेले नसतात, सूचना असतात: इथून तिथपर्यंत रेघ, असं वळण, आत हा रंग. ते पोस्टाच्या तिकिटाएवढं करा नाहीतर एस.टी.च्या पाठीएवढं, रेघ तेवढीच स्वच्छ राहते. वाटलं तर एखादी रेघ हलवताही येते. हा झाला साचा.

हे सगळं आज कशासाठी सांगतेय? कारण काही सॉफ्टवेअर अशी असतात, की त्यांची आतली कृती सगळ्यांना वाचता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते. त्यांना 'मुक्त स्रोत' किंवा ओपन सोर्स म्हणतात. आजीने अनारशाची कृती अख्ख्या आळीला सांगावी तसं. पण अशा सॉफ्टवेअरलाही नाव लागतं, चेहरा लागतो, म्हणजेच बोधचिन्ह. मग ते बोधचिन्हही सगळ्यांना द्यायचं का? आणि द्यायचं तर कसं?

लिनक्सची गोष्ट घ्या. फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली ते सुरू केलं. पुढे त्याला चिन्ह हवं झालं. लिनसला पेंग्विन आवडायचे. १९९६ साली अमेरिकेतल्या लॅरी युइंगने एक गुटगुटीत, पोटभर जेवून ऐसपैस बसलेला पेंग्विन काढला. गिंप नावाच्या सॉफ्टवेअरवर काढला, आणि तेही मुक्तच! बोधचिन्हासाठी स्पर्धा झाल्या, पण हा पेंग्विन त्यातली एकही जिंकला नाही. तरी आज लिनक्स म्हटलं की लोकांना तोच आठवतो. त्याचं नाव टक्स.

बक्षीस न मिळालेलं चित्र जगभर कसं पोचलं? ते गोंडस होतं, हे खरंच. पण लॅरीने आणखी एक गोष्ट केली, आणि मला ती चित्राइतकीच मोलाची वाटते. त्याने चित्राबरोबर स्पष्ट लिहून ठेवलं: कुणीही वापरा, बदला, फक्त कुणी विचारलं तर माझं आणि गिंपचं नाव सांगा. बस्स, एवढंच. मग कुणी टक्सला टोपी घातली, कुणी त्याला खेळात पळवलं. लहान मुलांसाठी टक्स पेंट नावाचं चित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअरही आलं. लॅरीचं मूळ चित्र ठिपक्यांचं होतं. पुढे दुसऱ्यांनी त्याचं रेघांचं रूपही तयार केलं. कुणाला परवानगीचं पत्र पाठवावं लागलं नाही, कारण परवानगी आधीच दिलेली होती.

पण मुलांनो, चित्र देणं वेगळं आणि नाव देणं वेगळं. लिनक्स हे नाव अमेरिकेतल्या एका गृहस्थाने परस्पर आपल्या नावावर नोंदवून घेतलं आणि ते वापरणाऱ्यांकडे पैसे मागायला सुरुवात केली! ज्याने लिनक्स बनवलं तो राहिला बाजूलाच. भांडण झालं, आणि १९९७ साली नाव लिनसकडे आलं. तेव्हापासून मुक्त सॉफ्टवेअरवाले नावाच्या बाबतीत जरा सावध असतात. विकिपीडियाचंच बघा ना. २०१४ साली त्यांनी आपली बोधचिन्हं खुल्या परवान्याखाली आणली. पण 'आम्ही विकिपीडिया आहोत' असं भासवून तो गोल दुसऱ्या कुणी मिरवायचा नाही. तो हक्क त्यांनी राखून ठेवलाय.

सावधपणा वाढला की भांडणंही होतात. फायरफॉक्स माहीत असेल, इंटरनेट पाहायचं सॉफ्टवेअर. त्याची कृती मुक्त, पण बोधचिन्ह मुक्त नव्हतं. डेबियन नावाचा स्वयंसेवकांचा गट लिनक्सची एक आवृत्ती बनवतो. त्यांचा नियम असा, की आमच्यात सगळं मुक्तच हवं. म्हणून त्यांनी फायरफॉक्स घेतलं, पण त्याचं चित्र काढून टाकलं. फायरफॉक्सवाले म्हणाले, चित्र नाही तर नावही नाही, आणि तुम्ही आत केलेले बदलही आधी आम्हाला दाखवा. मग डेबियनने २००६ साली काय करावं? त्यांनी नावच बदललं! फायर म्हणजे आग, तर आइस म्हणजे बर्फ. फॉक्स म्हणजे कोल्हा, तर वीझल हा दुसरा एक छोटा चपळ प्राणी. झालं आइसवीझल! आत तेच सॉफ्टवेअर, फक्त पाटी निराळी. २०१६ साली समेट झाला आणि कोल्होबा परत आले. दहा वर्षं एका चित्रापायी!

गंमत म्हणजे याच डेबियनने १९९९ साली आपल्यापुरता तोडगा काढला होता. चिन्हं दोन केली. लाल भोवऱ्यासारखं एक, सगळ्यांनी वापरायला. दुसरं बाटलीतून भोवरा निघतोय असं, ते फक्त अधिकृत कामासाठी. मला हा तोडगा फार आवडतो. कुणी रागावत नाही, आणि कुणी फसतही नाही.

पालकांनो, एक शब्द तुमच्याशीही. मंडळाच्या टी-शर्टवर, क्लासच्या पाटीवर आपण इंटरनेटवरून दिसेल ते चित्र उचलतो. ते कुणी काढलं, त्याने काय लिहून ठेवलंय, हे बघायला दोन मिनिटं लागतात. 'सगळेच घेतात' हे उत्तर मुलांसमोर तरी नको.

आता तुमचं काम. तुमच्या वर्गाच्या वाचनकट्ट्यासाठी नाहीतर क्रिकेटच्या टीमसाठी बोधचिन्ह काढा. ते करंगळीच्या नखाएवढं काढून बघा, ओळखू येतंय का? नुसत्या काळ्या पेनाने काढून बघा, बिघडतंय का? संगणक मिळाला तर इंकस्केप या मोफत सॉफ्टवेअरवर त्याचं एस.व्ही.जी. करा आणि टीममधल्या सगळ्यांना तेच द्या, मोबाइलवर काढलेला फोटो नको. सोबत चार ओळींची चिठ्ठी जोडा: कुणी काढलं, रंग कुठले, बदललं तर चालेल का, आणि दुसऱ्या टीमने वापरलं तर चालेल का.

शेवटच्या प्रश्नावर वर्गात भांडण होणार, मला ठाऊक आहे. होऊ द्या. काय ठरलं ते मात्र चिठ्ठीत लिहा, आणि चित्रात अक्षर असेल तर वेलांटी आधी तपासा.