लाल कुत्र्याला 'लाल्या' म्हणायलाच हवं का?

अमेरिकन चित्रकार नॉर्मन ब्रिडवेल यांनी एका लहान मुलीचा भलामोठा लाल कुत्रा रंगवला, तेव्हा त्याचं नाव 'टायनी' ठेवावं असं त्यांच्या मनात होतं. डोंगराएवढ्या कुत्र्याला चिमुकला म्हणायचं, एवढाच तो विनोद. त्यांच्या पत्नीला हे नाव मिळमिळीत वाटलं. लहानपणी तिचा क्लिफर्ड नावाचा एक काल्पनिक सवंगडी होता, त्याचं नाव तिने सुचवलं. १९६३ साली पहिलं पुस्तक आलं आणि पुढे क्लिफर्डची पुस्तकं कोट्यवधींनी खपली. कुत्रा लालच का, तर चित्र काढताना लाल रंग हाताशी होता, असं खुद्द ब्रिडवेलच सांगत.

रंग योगायोगाने आला, पण नाव विचार करून ठेवलं गेलं. 'क्लिफर्ड' ऐकून कुत्र्याचा रंगही कळत नाही आणि आकारही. गल्लीतल्या कुठल्याही सभ्य गृहस्थाचं असावं असं हे नाव. पोरांना तो राक्षसी कुत्रा आपला वाटला, त्याचं निम्मं श्रेय या नावाला द्यायला हरकत नाही.

आपल्याकडे नेमकं उलट चालतं. घरात आयरिश सेटर किंवा फ्रेंच मॅस्टिफ आला, की रंगाकडे पाहणारे 'रस्टी', 'रेड', 'लाल्या' म्हणून मोकळे होतात आणि आकाराकडे पाहणारे 'टायसन', 'टायगर', 'सुलतान'वर जातात. प्राण्यांच्या डॉक्टरांकडे मिळणारी लसीकरणाची वही उघडून पाहा. नाव, जात, लिंग, रंग असे रकाने तिथे वेगवेगळे असतात. रंगाची नोंद एकदा झालेली असताना तीच नावाच्या रकान्यात पुन्हा कशाला? त्याच दवाखान्यात मग 'टायसन कुलकर्णी' असा पुकारा होतो, आणि पन्नास किलोचे टायसन कुलकर्णी सुई दिसताच बाकाखाली शिरतात.

हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. कुत्र्याला स्वतःच्या नावाचा अर्थ कळत नाही, त्याला आवाज ओळखता येतो. अर्थ कळतो तो शेजाऱ्यांना. लिफ्टचं दार उघडतं, आत लहान मूल घेऊन उभी असलेली बाई आणि बाहेर तिच्या कमरेला लागेल एवढा तांबूस कुत्रा. मालक "टायसन, थांब!" म्हणाला तर ती मूल उचलून भिंतीला चिकटते. तोच "लाडू, थांब!" म्हणाला तर निदान मुलाच्या चेहऱ्यावर हसू येतं. पट्टा, प्रशिक्षण आणि मालकाची जबाबदारी यांना नाव हा पर्याय नव्हे, हे खरंच. तरी मोठ्या कुत्र्याच्या नावाने भीती वाढवू नये, एवढं तरी पाहता येईल.

रंगाचं नाव शोभून दिसलेला एक कुत्रा मात्र ऑस्ट्रेलियात होऊन गेला. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात, लोखंडाच्या खाणींच्या लाल मातीत, १९७१ साली जन्मलेला हा कुत्रा फार मोठा नव्हता. त्याचं पहिलं नाव होतं 'टॅली हो'. तो बसमधून, मोटारींतून भटकत गावोगाव फिरे. खाणकामगारांनी आणि चालकांनी त्याला आपलं मानलं, वाहतूक कामगारांच्या संघटनेने तर त्याला सदस्यही करून घेतलं. १९७९ मध्ये तो गेला. डॅम्पियर गावात त्याचा पुतळा आहे, त्याच्यावर पुस्तक निघालं, २०११ मध्ये चित्रपटही आला. सगळीकडे त्याचं नाव एकच, 'रेड डॉग'. पण हे नाव कुणी बारशाला बसून ठरवलेलं नव्हतं. एका मालकाचा न राहिलेल्या कुत्र्याला सगळ्यांनी मिळून मारलेली ती हाक होती. सदनिकेत पाळलेल्या पिल्लाला ती उसनी आणून शोभणार नाही.

दुसरं टोक अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या घरी सापडतं. १९६९ साली कर्मचाऱ्यांनी त्यांना एक आयरिश सेटर भेट दिला. त्याचं नाव 'किंग टिमाहो'. टिमाहो हे आयर्लंडमधलं निक्सन यांच्या पूर्वजांचं गाव. हौस समजण्यासारखी आहे, पण मुसळधार पावसात कुत्रा फाटकाबाहेर पळाला, तर 'किंग टिमाहो' अशी हाक मारून पाहावी! वंशावळीच्या कागदावर लांबलचक नाव आणि घरात सुटसुटीत नाव, ही जातिवंत कुत्री पाळणाऱ्यांची जुनी रीत त्याचसाठी आहे.

मराठी घरांना अशा सुटसुटीत नावांची कधीच वाण नव्हती. मोती, राजा, खंड्या, काळू ही नावं वाड्या-वस्त्यांत रुळलेली. 'वाघ्या' रायगडावरच्या शिल्पामुळे घराघरांत पोहोचला. त्याच्या दंतकथेवरून चाललेला इतिहासाचा वाद वेगळा. मुंबई पोलिसांच्या 'झंजीर'ने १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर स्फोटकं हुडकून काढली आणि आपलं फिल्मी नाव कमावून दाखवलं. आता मात्र पुण्या-ठाण्यातल्या बागांमध्ये 'ब्रूनो' म्हणून हाक मारली, तर चार कुत्री वळून पाहतात. 'टिपू' हे नाव तर आता सोडून द्यावं. जे नाव शेजारच्या घरात माणसाचं असू शकतं, ते आपल्या घरात कुत्र्याला देऊन कुणाला खिजवू नये.

ज्यांना रंग सोडवतच नाही, त्यांनी तो जरा आडवाटेने आणावा. अंगण सारवल्यावर कडेने ओढतात तो गेरू. कोकणातल्या घरांचा जांभा. कोकमाचं फळ रातांबा. 'गेरू' दोन अक्षरी आहे, तोंडात बसतो आणि हाक मारताना शेवटचा स्वर लांबवता येतो. तसं नाव उत्तम. शिकवण्याच्या शब्दांशी मात्र ते जुळता कामा नये. 'बस' म्हणून बसवायचं असेल तर 'जस्सी' नको.

पिल्लू घरी आणण्याआधी घरातल्या सगळ्यांनी, आजीपासून शाळकरी मुलापर्यंत, ठरवलेलं नाव गॅलरीत उभं राहून मोठ्याने हाक मारून पाहावं. ज्याला लाज वाटेल किंवा ज्याची जीभ अडखळेल, त्याचं मत ऐकावं आणि नाव बदलावं. लसीकरणाच्या वहीत अजून काही लिहिलेलं नसतं, तोवरच हे सोपं असतं.