नोकरी सोडावी, पण केव्हां?

'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी' ही म्हण आपण अभिमानानें उच्चारतों. पण मुलीसाठीं स्थळ पाहतांना पहिला प्रश्न विचारतों तो कायमच्या नोकरीचाच! तथापि म्हणीवर भरंवसा ठेवून उद्यांच राजीनामा द्यावा, असें आमचें म्हणणें नाहीं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचें उदाहरण घ्या. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक असतांनाच त्यांनीं बंधूंच्या साह्यानें बेळगांवीं सायकलींचा धंदा सुरू केला. पुढें बढतींत डावललें गेल्यावर त्यांनीं चाकरी सोडली खरी. पण पाय टेकावयास जागा अगोदरच केलेली होती. तरीहि त्यांचा लोखंडी नांगर प्रारंभीं कोणी घेईना. लोखंडानें जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती! १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, ती अशा पडत्या काळांतून निभावल्यावर.

पगार ठराविक तारखेस येतो. धंद्यास तशी तारीख नाहीं. म्हणून तरुणांनीं नोकरींत असतांनाच हुन्नर शिकावा, गिऱ्हाईक ओळखावें आणि वर्षभराचा घरखर्च शिलकेस टाकावा. वडिलांनींहि लग्नाच्या थाटांत उडणारी रक्कम मुलाच्या धंद्यांत घालावी. एवढी तयारी झाल्यावर मात्र केवळ भयापोटीं खुर्चीस चिकटून बसणें, यास आम्ही शहाणपण म्हणत नाहीं.